दुकानांतलें गाणें आणि त्याचें मोल

सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या लंडनमध्यें केशकर्तन करणाऱ्याच्या दुकानांत भिंतीवर एक तंतुवाद्य टांगलेलें असे. 'सिटर्न' हें त्याचें नांव. आपली पाळी येईपर्यंत गिऱ्हाइकानें तें खुंटीवरून काढावें, चार तारा छेडाव्या, जमल्यास एखादें पद म्हणावें आणि पाळी येतांच पुन्हां खुंटीला लावावें, अशी त्या काळची रीत होती. ज्याच्या त्याच्या हातीं जाणारें तें वाद्य इतकें सर्वपरिचित होतें कीं, तत्कालीन नाटककारांनीं त्याच्यावर विनोदहि केले. त्यावर वाजणाऱ्या चालीबद्दल कोणी कोणाला पैसे द्यावे, हें कोणाच्या स्वप्नींहि आलें नसेल. खुर्ची, आरसा, वस्तरा आणि थोडेंसें गाणें हा त्या धंद्याचा सरंजाम पुढेंहि कायम राहिला. फक्त तंतुवाद्याच्या जागीं ग्रामोफोन आला, मग रेडिओ आला, मग ध्वनिफीत आली, आणि आतां भ्रमणध्वनीला जोडलेली एक लहानशी पेटीच तें काम करते.

अशा दुकानांत एक दिवस एखादा गृहस्थ येतो. तो खुर्चीवर बसत नाहीं. एक छापील कागद पुढें करतो आणि येथें वाजणाऱ्या गाण्यांचें वार्षिक शुल्क भरा, असें सांगतो. दुकानदाराला तो प्रथमदर्शनीं भामटा वाटतो, आणि त्यांत त्याचा फारसा दोष नाहीं. तबकडी त्यानें रोख पैसे मोजून घेतलेली असते. रेडिओहि फुकट आलेला नसतो. मग हा तिसरा पैसा कसला? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचें उत्तर देतां देतां युरोप-अमेरिकेंतल्या न्यायालयांचीं दीडशें वर्षें गेलीं, आणि तें उत्तर सर्वत्र सारखें आलें नाहीं.

या वादाचा उगम पॅरिस शहरांत, एका पेयगृहांतल्या न चुकवलेल्या बिलांत सांपडतो. शांझेलीझे या प्रसिद्ध राजमार्गावर 'काफे देझांबासादर' नांवाचें एक पेयगृह होतें. तेथें गायक-वादक गात-वाजवीत. प्रवेशाला दाम नसे, पण पेल्याची किंमत मात्र इतर ठिकाणांहून चढी असे. १८४७ सालीं एर्नेस्त बूर्जे हा गीतकार आपले संगीतकार मित्र पोल आंरियों व व्हिक्तोर पारिझो यांच्यासह तेथें जाऊन बसला. त्यांनीं पेय मागविलें. कोणी म्हणतात, तें नुसतें साखरेचें पाणी होतें. इतक्यांत व्यासपीठावरून त्यांचींच रचना ऐकूं येऊं लागली. बिल आलें तेव्हां बूर्जेनें तें देण्याचें नाकारलें. त्याचें म्हणणें असें कीं, आम्हीं तुमच्या खुर्च्या आणि तुमचें पेय वापरलें, तुम्ही आमचें गीत आणि आमचें संगीत वापरलें. तुम्ही आमचे पैसे द्या, आम्ही तुमचे देतों.

हें वरवर पाहतां एखाद्या प्रहसनांतलें दृश्य वाटतें. परंतु बूर्जेच्या हट्टामागें कायद्याचा आधार होता. फ्रान्सच्या राज्यक्रांतीच्या काळांत, १७९१ सालीं, असा कायदा झाला होता कीं, हयात ग्रंथकाराची कृति त्याच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक नाट्यगृहांत करतां येणार नाहीं. नाटककारांनीं त्याचा लाभ घेऊन आपलें मानधन ठरवून घेतलें. लहानसें गीत रचणाऱ्याकडे मात्र कोणाचेंच लक्ष गेलें नव्हतें. पांच अंकांच्या नाटकाला जो हक्क, तोच पांच कडव्यांच्या गाण्याला कां नसावा, आणि नाट्यगृहांत जो हक्क, तोच पेयगृहांत कां मावळावा, एवढाच बूर्जेचा प्रश्न होता. प्रकरण न्यायालयांत गेलें. पेयगृहाच्या मालकाला या रचना परवानगीवांचून गाववूं नयेत अशी मनाई झाली, आणि १८४९ सालीं पॅरिसच्या अपील न्यायालयानें गीतकार-संगीतकारांना भरपाई देवविली. कायद्यांत जें कलम साठ वर्षें निजून होतें, तें एका पेल्याच्या निमित्तानें जागें झालें.

निकाल मिळाला, पण त्याचा उपयोग काय? फ्रान्समध्यें पेयगृहें हजारों. एका गीतकारानें रोज संध्याकाळीं किती ठिकाणीं जाऊन बसावें आणि किती बिलें नाकारावीं? ही अडचण ओळखून जूल कोलोंबिए या प्रकाशकाच्या साह्यानें त्या तिघांनीं १८५० सालीं वसुलीसाठीं एक कचेरी उघडली, आणि १८५१ च्या फेब्रुवारींत तिचें रूपांतर 'सासेम' या संस्थेंत झालें. संगीताचे लेखक, रचनाकार व प्रकाशक यांची ही संस्था आजहि चालू आहे. तिची युक्ति मोठी सोपी होती. प्रत्येक गाण्यामागें वेगळा हिशेब न मांडतां पेयगृहाच्या मालकानें वर्षाकांठीं एक ठराविक रक्कम द्यावी आणि संस्थेच्या यादींतलें कोणतेंहि गाणें वाटेल तितक्या वेळां वाजवावें. संस्थेनें मग काय वाजलें याचा अंदाज घेऊन ती रक्कम रचनाकारांत वांटावी. आज जगांत जेथें जेथें अशी वसुली होते, तेथें तेथें याच युक्तीचें अनुकरण आहे. तिच्यांतला दोषहि पहिल्यापासूनचाच आहे. दुकानांत जें वाजलें त्याच्याच कर्त्याला पैसे पोहोंचतील, याची खात्री कोणालाच देतां येत नाहीं. ज्याचीं गाणीं सगळीकडे गाजतात त्याच्या वांट्याला मोठा घांस जातो, आणि एकाच जिल्ह्यांत ऐकला जाणारा कवि बहुधा हिशेबाबाहेर राहतो.

याच हक्काचें दुसरें, कुरूप अंग इंग्लंडमध्यें दिसून आलें. तेथें १८३३ च्या कायद्यानें नाट्यकृतीच्या अनधिकृत प्रयोगाला दर प्रयोगामागें चाळीस शिलिंग दंड ठेवला होता आणि १८४२ च्या कायद्यानें तो संगीतालाहि लागू झाला. १८७५ च्या सुमारास हॅरी वॉल नांवाच्या गृहस्थानें जुन्या गाण्यांचे हक्क आपल्याकडे घेऊन वसुलीची कचेरी थाटली. खेड्यांतल्या धर्मार्थ जलशांत एखाद्या मुलीनें भाबडेपणानें एक गीत म्हणावें, आणि आठ दिवसांनीं तिच्या हातांत दोन पौंडांच्या मागणीचें पत्र पडावें, असा प्रकार सुरू झाला. ज्या रचनाकारांच्या नांवानें हा दंड वसूल होई, त्यांतले कित्येक केव्हांच निवर्तले होते. बोभाटा इतका झाला कीं, पार्लमेंटला दोनदां हात घालावा लागला. १८८२ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, गायन-वादनाचा हक्क राखून ठेवावयाचा असेल तर तसें छापील प्रतीच्या मुखपृष्ठावर नमूद केलें पाहिजे. आणि १८८८ च्या कायद्यानें चाळीस शिलिंगांची सक्ति काढून नुकसानीचा आंकडा न्यायाधीशाच्या विवेकावर सोंपविला. मराठी वाचकाला ही मुखपृष्ठावरची सूचना नवी नाहीं. प्रयोगाचे सर्व हक्क लेखकाच्या स्वाधीन आहेत, ही ओळ त्यानें संगीत नाटकांच्या पुस्तकांत असंख्य वेळां पाहिली आहे. नाटकमंडळी लेखकाला प्रयोगामागें कांहीं देणें लागते, हें महाराष्ट्रांत सर्वांना रास्त वाटतें. तीच गोष्ट गाण्याबद्दल सांगितली कीं नवल वाटतें, एवढाच फरक.

अमेरिकेंत हा वाद पेटला तो न्यूयॉर्कमध्यें, ब्रॉडवेवरच्या शॅन्ली नांवाच्या उपाहारगृहांत. १९०९ च्या कायद्यानें रचनाकाराला नफ्यासाठीं होणाऱ्या जाहीर गायन-वादनापुरताच हक्क दिला होता. व्हिक्टर हर्बर्ट हा त्या काळचा लोकप्रिय संगीतकार. 'स्वीटहार्ट्स' या त्याच्या संगीतिकेंतलें मुख्य गीत शॅन्लीकडे जेवणाऱ्यांच्या मनोरंजनासाठीं गाइलें जात असे. हर्बर्टनें दावा लावला. मालकाचा बचाव बिनतोड वाटण्याजोगा होता: दारांत तिकीट नाहीं, गाण्याचें वेगळें बिल नाहीं, लोक जेवायला येतात, मग नफा कसला? खालच्या न्यायालयाला तो पटला, वरच्यालाहि पटला. पण जानेवारी १९१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या वतीनें न्यायमूर्ति होम्स यांनीं तो थोडक्या शब्दांत उडवून लावला. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा कीं, माणूस उपाहारगृहांत नुसत्या अन्नासाठीं जात नाहीं, तें त्याला इतरत्र स्वस्तांत मिळालें असतें. संगीतानें कांहींच प्राप्ति होत नसती तर मालकानें तें बंद केलें असतें. आणि प्राप्ति होत असेल तर ती गिऱ्हाइकाच्याच खिशांतून येते. प्रत्यक्ष फायदा झाला कीं नाहीं हा प्रश्न गौण आहे. हेतु फायद्याचा आहे, तेवढें पुरे. त्याच वेळीं सूझा या बँडप्रमुखाच्या एका कूचगीताचा, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांत वाजलेल्या, खटलाहि त्याच निर्णयानें निकालांत निघाला. हर्बर्ट व त्याचे सहकारी यांनीं १९१४ सालीं 'ॲस्कॅप' ही संस्था स्थापिली होती; या निकालानें तिच्या पायाखालीं भक्कम जमीन आली.

येथपर्यंत निदान वाजविणारा माणूस समोर दिसत होता. यंत्र आल्यावर गुंता वाढला. इंग्लंडांतल्या ब्रिस्टल शहरीं कॉवर्डीन यांच्या चहाच्या दुकानांत ग्रामोफोन वाजे. तबकडी रीतसर विकत घेतलेली. तरीहि ग्रामोफोन कंपनीनें फिर्याद केली आणि १९३३ सालीं ती जिंकली. तबकडी घरांत ऐकण्यासाठीं विकली जाते, चारचौघांना ऐकविण्याचा हक्क तबकडी काढणाऱ्याकडेच राहतो, असा तो निर्णय होता. त्याच्या पाठोपाठ १९३४ सालीं तबकडीवाल्या कंपन्यांनीं आपली स्वतंत्र वसुली-संस्था काढली. रचनाकारांची संस्था तेथें १९१४ पासून होतीच. म्हणजे एकाच गाण्यावर दोन हक्क झाले: एक ज्यानें तें रचलें त्याचा, दुसरा ज्यानें तें तबकडीवर उतरविलें त्याचा. इंग्लंडांतल्या लहान दुकानदाराला पुढें ऐंशींहून अधिक वर्षें दोन ठिकाणांहून दोन बिलें येत राहिलीं. २०१८ सालीं दोन्ही संस्थांनीं मिळून लेस्टर येथें एकच कचेरी काढली, तेव्हां कोठें हा व्याप आटोपला. दुकानदारांचा खरा संताप पुष्कळदां रकमेपेक्षां या दुहेरी दाराबद्दलच होता.

मग 'जाहीर' म्हणजे काय, हा प्रश्न राहिला. दुसऱ्या महायुद्धांत कारखान्यांतलें उत्पादन वाढावें म्हणून बी. बी. सी.ने १९४० पासून कामगारांसाठीं संगीताचा खास कार्यक्रम सुरू केला होता. सुमारें सहाशें कामगारांच्या एका विद्युत्‌-उपकरणांच्या कारखान्यांत तो ध्वनिक्षेपकावरून ऐकविला जाई. बाहेरच्या माणसाला तेथें प्रवेश नव्हता. तरी १९४३ सालीं अपील न्यायालयानें तें गायन-वादन जाहीर ठरविलें. घर आणि कुटुंब यांच्याबाहेर श्रोते जमले कीं तो खासगी मामला राहत नाहीं, आणि रचनाकारानें आपल्या मालाचे जे ग्राहक म्हणून धरावे तेच हे श्रोते होत, अशी त्यामागची दृष्टि होती. १९४८ सालीं ब्रुसेल्स येथें आंतरराष्ट्रीय करारांत जी दुरुस्ती झाली तिच्यांत, ध्वनिक्षेपकावरून रेडिओ लोकांना ऐकविणें हाहि रचनाकाराच्या हक्काचाच भाग होय, असें स्पष्ट लिहिलें गेलें. ज्या साधनानें हीं भाषणें आणि गाणीं घरोघर पोहोंचलीं, त्याच साधनानें दुकानदाराला असें पेचांत धरलें.

लहान दुकानदाराच्या बाजूचा सर्वांत मोठा विजय एका कोंबडीच्या पदार्थांच्या दुकानाला मिळाला. अमेरिकेंतल्या पिट्सबर्ग शहरीं जॉर्ज एकन या गृहस्थाचें लहानसें खाद्यगृह होतें. बहुतेक गिऱ्हाइकें पदार्थ घेऊन निघून जात. बसणारेहि दहा-पंधरा मिनिटांत उठत. छतांत चार ध्वनिक्षेपक आणि एक साधा रेडिओ, एवढाच संगीताचा थाट. १९७२ च्या मार्चमध्यें त्यावर लागलेल्या दोन गाण्यांबद्दल खटला झाला. रेडिओ केंद्रानें त्या गाण्यांचें शुल्क आधींच भरलें होतें. १९७५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें एकनच्या बाजूनें निकाल दिला. रेडिओ चालू करून ऐकणारा हा गाणें सादर करणारा ठरत असेल, तर देशांतलीं असलीं सर्वच दुकानें गुन्हेगार ठरतील. आणि प्रत्यक्षांत ॲस्कॅपचा परवाना अशा अवघ्या ५१५० च्या आसपास व्यवसायांनीं घेतला होता. जो नियम सर्वांवर बजावणें अशक्य, तो थोड्यांवर लादणें अन्यायाचें, हा युक्तिवाद सहज विसरण्याजोगा नाहीं.

पुढच्याच वर्षीं तेथील विधिमंडळानें नवा कायदा केला आणि घरगुती बनावटीचा एकच रेडिओ लावणाऱ्या दुकानाला सूट दिली. १९९८ सालीं ही सूट क्षेत्रफळाच्या मापानें मोजण्यांत आली: साधें दुकान २००० चौरस फुटांहून लहान, अथवा खाद्यपेयगृह ३७५० चौरस फुटांहून लहान असेल, तर रेडिओ व दूरचित्रवाणी यांवरील संगीताला शुल्क नाहीं. तबकडी लावली तर मात्र सूट संपली. केशकर्तनालयें बहुतेक या मापांत सुखानें बसलीं. पण अमेरिकन न्हाव्याचें हें सुख आयर्लंडच्या संगीतकारांना बोंचलें. त्यांच्या तक्रारीवरून युरोपीय संघानें जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. २००० सालीं तेथील पंचांनीं ही विस्तृत सूट आंतरराष्ट्रीय कराराशीं विसंगत ठरविली, आणि २००१ सालीं युरोपच्या रचनाकारांचें नुकसान वर्षाला १२,१९,९०० युरो एवढें आंकलें. अमेरिकेनें तीन वर्षांची भरपाई दिली. सूट मात्र रद्द केली नाहीं.

जपाननें उलट दिशेनें प्रवास केला. तेथें विकत घेतलेली तबकडी दुकानांत लावण्यास दीर्घकाळ मोकळीक होती. १९९९ च्या दुरुस्तीनें ती गेली आणि २००२ पासून 'जासराक' ही संस्था दुकानांकडून वसुली करूं लागली. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या दुकानाला वर्षाला ६००० येन, हा तिचा दर. रक्कम जड नव्हे. तरीहि अनेकांनीं ती भरली नाहीं, आणि २०१५ सालीं संस्थेनें देशभरांतल्या दोनशेंहून अधिक दुकानांविरुद्ध एकदम न्यायालयीन तडजोडीसाठीं अर्ज केले. त्यांत केशकर्तनालयेंहि होतीं. युरोपांत मात्र इटलीच्या त्यूरिन शहरांतला एक दंतवैद्य २०१२ सालीं सुटला. रोगी त्याच्याकडे संगीतासाठीं येत नाहींत, एका वेळीं दोघे-चौघेच असतात, आणि संगीत ऐकून दांत काढून घेण्याची हौस कोणाला वाढत नाहीं, असा युरोपीय न्यायालयाच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. त्याच दिवशीं त्याच न्यायालयानें आयर्लंडच्या खटल्यांत, खोल्यांतून रेडिओ ठेवणाऱ्या हॉटेलवाल्यांना मात्र पैसे द्यावयास लावले. केशकर्तनालय दंतवैद्याच्या जवळचें कीं हॉटेलाच्या, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. खुर्चीचें साम्य दंतवैद्याशीं आहे, गिऱ्हाइकाच्या मनःस्थितीचें हॉटेलाशीं.

हिंदुस्थानांत इंग्लंडचा १९११ चा कायदा लागू झाला, आणि तबकडीवाल्या कंपन्यांची संस्था १९४१ सालींच स्थापन झाली. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलांत गाणें वाजे आणि चहाचा एक पेला घेऊन लोक तासभर बसत. न्यायमूर्ति होम्स यांना याहून चांगलें उदाहरण मिळालें नसतें. स्वतंत्र भारताचा स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ सालीं झाला आणि १९६९ सालीं गीतकार-संगीतकारांची संस्था मुंबईंत उभी राहिली. तिनें शुल्काचें दरपत्रक जाहीर करतांच चित्रपटव्यवसायानें आक्षेप घेतला. येथली परिस्थिति पॅरिसहून अगदीं निराळी होती. येथें लोकांच्या ओठांवरचें बहुतेक गाणें चित्रपटांतलें, आणि चित्रपटाचें गाणें निर्मात्यानें पैसे देऊन करवून घेतलेलें. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, अशा गाण्याचा पहिला धनी निर्माताच होय, वेगळा करार नसेल तर गीतकार-संगीतकाराच्या हातीं कांहीं उरत नाहीं. त्या निकालपत्रांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं आणखी एक उणीव दाखवून दिली: ज्याच्या कंठावर लोक लुब्ध होतात, त्या गायकाला तर कायद्यांत कसलाच हक्क नाहीं. तो हक्क पुढें १९९४ च्या दुरुस्तीनें आला.

या निकालाचें फळ असें झालें कीं, दुकानदाराकडून वसूल झालेला पैसाहि गाण्याच्या मूळ कर्त्यापर्यंत पोहोंचण्याचा मार्ग उरला नाहीं. गाणें पन्नास वर्षें वाजत राही आणि लिहिणाऱ्याला एकदांच मिळालेले चार पैसे केव्हांच संपून जात. दुकानदाराची कुरकुर सर्वांना ऐकूं आली. हें दुःख फारसें कोणाच्या कानीं गेलें नाहीं. अखेर २०१२ सालीं, राज्यसभेंत जावेद अख्तर यांच्यासारख्या गीतकारानेंच कैफियत मांडल्यावर, कायदा बदलला. चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो जो उपयोग होईल, त्याच्या प्राप्तींत गीतकार व संगीतकार यांचा निर्मात्याशीं समान वांटा राहील, आणि तो वांटा त्यांना लिहून देतांहि येणार नाहीं, असें त्यानें ठरविलें. कर्जाच्या वा गरजेच्या भरांत सही करून बसणाऱ्या कवीला त्याच्याच सहीपासून वांचविणारें हें कलम फार शहाणपणाचें आहे.

त्याच कायद्यांत सवलतींचीहि एक यादी आहे. धार्मिक विधि, सरकारी समारंभ, लग्नाची वरात आणि लग्नासंबंधींचे इतर समारंभ यांतल्या संगीताला परवानगी लागत नाहीं. या सवलतीची सीमा कोठवर, याचा तंटा गोव्यांत पेटला. तेथें लग्नें मोठाल्या हॉटेलांतून होतात. २०२४ च्या जानेवारींत राज्य सरकारनें परिपत्रक काढून हॉटेलांना व वसुली-संस्थांना लग्नसमारंभांत शुल्काचा आग्रह धरूं नये असें बजावलें. त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें तें परिपत्रक रद्द केलें, कारण कायद्याचा अर्थ परिपत्रकानें ताणतां येत नाहीं. यादींतलें आणखी एक कलम निवासी इमारतींतल्या रहिवाशांच्या समाईक दालनाला आणि नफ्यासाठीं न चालणाऱ्या मंडळाला मोकळीक देतें. हॉटेलाला त्यांतून नांव घेऊन वगळलें आहे. एका खुर्चीच्या केशकर्तनालयाला, चौरस फुटांत मोजून किंवा इतर कोणत्या रीतीनें, त्या यादींत कोठेंच जागा दिलेली नाहीं.